चहाचा पेला आणि चहाचा मळा

चहा प्रकृतीस हितकर की अपायकारक, हा वाद आपल्या देशात निदान शंभर वर्षे चालला आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांनी बंगालात चहापानाविरुद्ध लेखणी झिजविली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान असता १९४२ साली गांधीजींनी आरोग्याविषयी जे छोटे पुस्तक लिहावयास घेतले, त्यातही चहातील टॅनिनवर कटाक्ष आहे. उलटपक्षी मळेवाल्यांच्या मंडळांनी रेल्वेच्या स्टेशनांवर चहाची स्तुतिस्तोत्रे टांगली. उभय पक्षांची दृष्टी मात्र पेल्याच्या काठापलीकडे क्वचितच गेली. आमच्या मते चहाने आरोग्याचा जो खरा विध्वंस केला, तो पिणारांच्या नव्हे, खुडणारांच्या. आणि त्याचा हिशेब आसामात मांडला पाहिजे.

चीनच्या व्यापारातील ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता १८३३ च्या कायद्याने संपला. चिनी चहावाचून कसे भागवावे, ही चिंता लगेच उत्पन्न झाली, आणि १८३४ साली लॉर्ड बेंटिंकने चहासाठी एक समिती नेमली. गमतीची गोष्ट ही की, आसामातील सिंगफो लोक ज्या झाडाची पाने पूर्वापार उपयोगात आणीत होते, त्याच्याच भूमीत चिनी रोपे आणून लावण्याचा खटाटोप झाला! १८३९ साली लंडनमध्ये आसामच्या चहाचा पहिला लिलाव झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली. स्वतःचे मळे लावणारे मणिराम दिवाण यांना मात्र १८५८ साली, उठावाच्या कटाबद्दल, फासावर जावे लागले.

झाड मिळाले, जमीन मिळाली, माणसे मिळेनात. तेव्हा छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओरिसा या मुलुखांतून दलालांकरवी मजूर आणण्यास आरंभ झाला. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत सुमारे ८५ हजार मजूर आसामात आणले गेले. त्यांपैकी ३० हजारांहून अधिक मेले अथवा पळून गेले. पळून तरी कोठे जावयाचे? करार मोडणे हा १८५९ च्या कायद्याने फौजदारी गुन्हा ठरला होता, आणि १८६५ च्या कायद्याने पळालेल्या मजुरास वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार खुद्द मळेवाल्यास मिळाला. धन्यानेच शिपाई व्हावे, असा हा न्याय! १८८६ साली द्वारकानाथ गांगुली यांनी मळ्यांत हिंडून ही हकीकत वृत्तपत्रांतून उघडकीस आणली. तथापि १९२१ च्या मे महिन्यात चारगोळा खोऱ्यातील हजारो मजूर गांधीजींचा जयघोष करीत गावाकडे चालू लागले, तेव्हा चांदपूर स्टेशनावर गुरखा शिपायांनी रात्री त्यांना झोडपून काढले; उरल्यासुरल्यांत पटकी शिरली.

या अवधीत शास्त्र निद्रिस्त होते असे नाही. जोरहाटनजीक टोकलाई येथे १९११ पासून झुडुपाचे खत, कीड, छाटणी यांचा बारकाईने अभ्यास होत आहे, व तो उपयुक्तही आहे. झुडुपाची प्रकृती जपणारी संस्था १९११ साली निघाली. खुडणाऱ्या बाईसाठी इस्पितळ, पाळणाघर व पिण्याचे पाणी मळेवाल्यावर बंधनकारक करणारा मळे-मजूर कायदा व्हावयास १९५१ साल उजाडले.

टॅनिनविषयी गांधीजींची शंका अगदीच निराधार नव्हती. जेवणाबरोबर घेतलेला चहा धान्य-भाजीतील लोह शरीरात मुरू देत नाही, हे आता सिद्ध आहे. भरपेट जेवणाऱ्या आपल्यासारख्यांस त्याचे फारसे सोयरसुतक नाही. परंतु भात आणि थोडी भाजी यांवर राबणाऱ्या मळ्यातील स्त्रियांत रक्तक्षय फार आहे, आणि त्यांच्या वाट्याला येणारा चहा बहुधा दुधावाचूनचा, मीठ घातलेला. दिब्रुगड येथील वैद्यकीय संशोधकांस या मजुरांत रक्तदाबाचे प्रमाण मोठे आढळले, आणि त्याचा संबंध त्यांनी या जादा मिठाशीच जोडला आहे.