शार्पव्हिल ते अ‍ॅथलोन : पोलिसांच्या बंदुका आणि कॅमेरा

दक्षिण आफ्रिकेचे नाव मराठी वाचकाच्या मनात गांधीजींच्या सत्याग्रहाशी कायमचे जोडले गेले आहे. दि. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात हिंदी रहिवाशांनी आपली नोंदणीपत्रे एका मोठ्या लोखंडी भांड्यात टाकून जाळली, हा प्रसंग अनेकांनी वाचलेला असतो. त्याच ट्रान्सव्हाल प्रांतात, बावन्न वर्षांनी, सरकारी कागदाच्या तशाच एका कपट्यावरून जे घडले ते मात्र आपल्याकडे तितकेसे परिचित नाही. त्या घटनेची छायाचित्रे निघाली. आणि पुढील तीस वर्षे तेथील राज्यकर्ते सशस्त्र पोलिसांसमोर उभ्या राहणाऱ्या कॅमेऱ्याशी झगडत राहिले.

कृष्णवर्णीयांनी आपला 'पास' सदैव जवळ बाळगला पाहिजे, असा तेथील दंडक होता. ज्या १९५२ च्या कायद्याने हा जाच अधिक घट्ट केला, त्याच्या नावात 'पास रद्द करण्याचा' असे शब्द होते! कायद्याच्या भाषेतील निर्लज्जपणाचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडावयाचे नाही. या पासविरुद्ध रॉबर्ट सोबुक्वे यांच्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसने दि. २१ मार्च १९६० रोजी चळवळ पुकारली. पास घरी ठेवावा, पोलीस ठाण्यावर जावे आणि स्वतःस अटक करवून घ्यावी, असा साधा कार्यक्रम होता.

व्हेरीनिगिंग शहराजवळच्या शार्पव्हिल वस्तीत त्या दिवशी सकाळपासून लोक ठाण्याभोवती जमू लागले. जमावाच्या संख्येचे अंदाज पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत निरनिराळे केले गेले आहेत. कुंपणाच्या आत सुमारे तीनशे पोलीस आणि 'सॅरासेन' जातीच्या चिलखती गाड्या होत्या. दुपारी दीडच्या सुमारास इशारा न देता गोळीबार सुरू झाला. अधिकृत आकड्यानुसार ६९ माणसे मेली आणि १८० हून अधिक जखमी झाली. अलीकडील संशोधनाप्रमाणे मृतांची खरी संख्या ९१ किंवा त्याहूनही अधिक असावी.

'ड्रम' या मासिकाचे सहसंपादक हम्फ्री टायलर आणि छायाचित्रकार इयान बेरी हे दोघे तेथे हजर होते. बेरी मूळचे इंग्लंडमधील लँकेशायरचे, वय अवघे सव्वीसच्या आतबाहेर. गोळीबार सुरू झाला तेव्हा लोक ज्या बाजूस धावत होते, त्याच बाजूस ते होते. जमिनीवर आडवे होऊन त्यांनी छायाचित्रे घेतली. धावत येणाऱ्या स्त्रिया, मुले व पुरुष कॅमेऱ्याकडे तोंड करून येत आहेत, म्हणजेच त्यांच्या पाठी बंदुकांकडे आहेत. एक मुलगा कोट डोक्यावर धरून पळतो आहे, जणू कापडाने गोळी अडणार आहे. चिलखती गाडीवर उभ्या असलेल्या पोलिसांच्या हातांत बंदुका आहेत. टायलर यांनी लिहिलेल्या हकिगतीत आणखी एक तपशील येतो. पोलीस केवळ घाबरविण्यासाठी गोळीविना बार काढीत आहेत असे वाटून काही लोक प्रथम हसत हसत धावत होते. जमावाच्या हातांत आपल्याला शस्त्रे दिसली नाहीत, असेही त्यांनी नोंदविले.

पोलिसांचे म्हणणे अर्थातच वेगळे होते. दगडफेक झाली, जमाव अंगावर चालून आला, स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडाव्या लागल्या, अशी ती नेहमीची कैफियत. एरवी अशा प्रसंगी एकीकडे अधिकाऱ्याचे निवेदन आणि दुसरीकडे जखमींच्या जबान्या उरतात, आणि कोणाचे वजन अधिक हे आधीच ठरलेले असते. येथे मात्र तिसरा साक्षीदार होता. चालून येणाऱ्या जमावाची पाठ बंदुकीकडे कशी असेल, या प्रश्नाला उत्तर नव्हते. बहुसंख्य जखमा पाठीमागून झालेल्या होत्या हे वैद्यकीय पुराव्यातूनही दिसून आले. बेरी यांची छायाचित्रे जगभर छापली गेली; पुढे न्यायालयात मृतांचे व जखमींचे निरपराधित्व दाखविण्यासाठीही ती वापरली गेली. परंतु गोळीबाराबद्दल एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही. उलट १९६१ मध्ये सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने कायदा करून नुकसानभरपाईचे दावेही बंद करून टाकले.

'ड्रम'चेच दुसरे छायाचित्रकार पीटर मागुबाने यांनी शार्पव्हिलच्या अंत्यविधीची, ओळीने मांडलेल्या शवपेट्यांची छायाचित्रे घेतली. कृष्णवर्णीय माणसाच्या हाती कॅमेरा दिसणे हाच पोलिसांच्या लेखी संशयाचा विषय असे. त्यामुळे त्यांनी कधी पोकळ केलेल्या पावात, कधी बायबलच्या प्रतीत, तर कधी दुधाच्या खोक्यात कॅमेरा दडवून काम केले. पाव खात असल्याचा बहाणा करीत छायाचित्र टिपावयाचे! १९६९ मध्ये त्यांना अटक झाली. ५८६ दिवस एकांतकोठडीत काढल्यावर त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी आली. बंदी संपल्यावर पुढील वर्षी ते पुन्हा कॅमेरा घेऊन सोवेटोच्या रस्त्यावर उभे होते आणि तेथे पोलिसांच्या मारहाणीत त्यांचे नाक मोडले. १ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी ते वारले.

सोवेटोचा तो दिवस १६ जून १९७६ चा. शाळकरी मुलांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि 'द वर्ल्ड' पत्राच्या सॅम न्झिमा यांनी मृत हेक्टर पीटरसनला उचलून नेणाऱ्या तरुणाचे छायाचित्र घेतले. पोलीस फिल्म हिसकावून घेतील हे ओळखून न्झिमांनी ती पायमोज्यात लपविली. त्या छायाचित्रात ना पोलीस दिसतो, ना बंदूक. तरी ती कोणी चालविली हे कोणालाही विचारावे लागले नाही. न्झिमा यांना नोकरी व जोहान्सबर्ग दोन्ही सोडून गावी परतावे लागले. १९७७ मध्ये पत्रही बंद करण्यात आले.

आता १५ ऑक्टोबर १९८५ चा प्रसंग पाहावा. स्थळ केपटाउनचे अ‍ॅथलोन उपनगर, थॉर्नटन रोड. रेल्वेखात्याचा एक मालट्रक पाठीवर लाकडी खोकी घेऊन रस्त्याने गेला. काही घडले नाही. तोच ट्रक वळून पुन्हा आला. या वेळी मुलांनी दगड मारले. त्याबरोबर खोक्यांत दडून बसलेले पोलीस उठून उभे राहिले आणि त्यांनी छऱ्यांच्या बंदुका झाडल्या. तिघे जण ठार झाले. त्यांची वये होती एकवीस, पंधरा आणि अकरा वर्षे. ग्रीक पुराणातील लाकडी घोड्यावरून या घटनेस 'ट्रोजन हॉर्स' असे नाव पडले.

अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीचे पथक तेथे होते आणि हा सर्व प्रकार चित्रित झाला. शार्पव्हिलची स्थिर चित्रे पाहून 'त्याआधी काय झाले' असे विचारण्यास वाव होता. अ‍ॅथलोनच्या फिल्ममध्ये आधीचे आणि नंतरचेही होते : ट्रकचे दुसऱ्यांदा येणे, खोक्यांची झाकणे, नेम धरलेल्या बंदुका. दगडफेकीने गोळीबार ओढवला की गोळीबारासाठीच दगडफेक ओढवून आणली, याचा निवाडा पाहणारा घरी बसून करू शकत होता.

तीन आठवडे उलटण्यापूर्वीच, २ नोव्हेंबर रोजी, सरकारने आणीबाणी लागू असलेल्या ३८ जिल्ह्यांत दंगली आणि त्यांविरुद्धची पोलीस कारवाई यांचे छायाचित्रण, चलच्चित्रण व ध्वनिमुद्रण यांस मनाई केली. एवढेच नव्हे, तर हाताने रेखाटन करण्यासही! शिक्षा दहा वर्षांपर्यंतचा कारावास किंवा वीस हजार रँड दंड. आणीबाणी आणि तिच्यातील छपाईवरचे निर्बंध हे आपल्या वाचकांनी १९७५ मध्ये अनुभवलेले आहेत. पण येथे विशेष असे की, वृत्तपत्राच्या लेखक-बातमीदाराला, ठाण्यावर आधी वर्दी देण्याच्या अटीवर, अजून जाता येत होते. शब्दांना परवाना मिळू शकत होता, चित्राला नाही. कॅमेरा पाहून तरुणांना चेव येतो आणि दंगल भडकते, असे कारण सरकारने दिले. या युक्तिवादात तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण कॅमेऱ्यासमोर माणसे थोडी बदलतातच. पण कॅमेरे हटल्यावर हिंसा ओसरावयास हवी होती. जून १९८६ मध्ये आणीबाणी देशभर पसरली आणि त्या वर्षी मृतांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा वाढली. कमी झाली ती परदेशी दूरचित्रवाणीवरील दृश्ये.

अ‍ॅथलोनच्या मृत्यूंच्या न्यायिक चौकशीत पोलिसांचे वर्तन गैरवाजवी ठरले. तरी सरकारी वकिलाने खटला भरण्याचे नाकारले. नातलगांनी खाजगी फिर्याद केली. डिसेंबर १९८९ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. फिल्म सर्वांनी पाहिलेली होती. १९९७ मध्ये सत्य व समेट आयोगापुढे हे प्रकरण पुन्हा सुनावणीस आले, २००५ मध्ये थॉर्नटन रोडवर स्मारक उभे राहिले. शार्पव्हिल येथे तर १० डिसेंबर १९९६ रोजी नेल्सन मंडेला यांनी नव्या राज्यघटनेवर स्वाक्षरी केली.

या साऱ्याच्या आधी, २ फेब्रुवारी १९९० रोजी, अध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत ते प्रसिद्ध भाषण केले. बंदी घातलेल्या संघटना मोकळ्या झाल्या, मंडेलांच्या सुटकेचा मार्ग खुला झाला, वृत्तपत्रांवरील आणीबाणीचे नियम रद्द झाले. त्याच भाषणात एक अपवाद राखून ठेवलेला होता : दंगलीच्या दृश्यांच्या छायाचित्रणावर व चित्रणावर सरकारचे नियंत्रण यापुढेही राहील.