विंडोज अपडेटचा इतिहास : दुरुस्ती आणि यंत्र यांमधील अंतर

डेस्कटॉप संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे स्मृती, डिस्क, पडदा आणि कळफलक यांचा कारभार सांभाळून इतर सर्व प्रोग्रामना आधार देणारी मूलभूत प्रणाली, बाजारात आल्यानंतरही पूर्ण झालेली नसते. कोट्यवधी ओळींच्या या रचनेत राहून गेलेले दोष वापर सुरू झाल्यावरच उघड होतात आणि त्यांच्या दुरुस्त्या उत्पादकाला वर्षानुवर्षे पुरवाव्या लागतात. या दुरुस्त्या कशा तयार झाल्या यापेक्षा त्या ग्राहकाच्या यंत्रापर्यंत कशा पोहोचल्या, किती उशिरा पोहोचल्या आणि पोहोचल्यावर त्यांनी काय बिघडवले, याचा इतिहास अधिक बोलका आहे; कारण या शतकातील अनेक मोठे संगणकीय हल्ले झाले तेव्हा त्यांवरील उपाय आधीच तयार होता. मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली जगातील बहुसंख्य डेस्कटॉपांवर असल्यामुळे हा इतिहास प्रामुख्याने तिचाच ठरतो.

सुरुवातीच्या मोठ्या संगणकांवर दुरुस्ती हे अक्षरशः हाताने करायचे काम होते. प्रोग्राम कागदी फितीवर भोकांच्या रूपात साठवलेला असे. चुकीची भोके बुजवली जात किंवा तेवढा भाग कापून तेथे नवा तुकडा चिकटवला जाई. पुढे आयबीएमसारख्या कंपन्या दुरुस्त्या चुंबकीय फितींवर पाठवू लागल्या आणि संगणककक्षातील प्रशिक्षित कर्मचारी, आपल्या यंत्राला कोणती लागू पडते हे ठरवून, त्या बसवू लागला. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जगात लॅरी वॉल यांनी १९८५ साली ‘पॅच’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला, ज्यामुळे दोन आवृत्त्यांमधला फक्त फरक पाठवून मूळ फाइल सुधारता येऊ लागली. या सर्व व्यवस्थांत यंत्रामागे त्याचा जाणकार बसलेला आहे हे गृहीत होते. १९८१ नंतर आयबीएम पीसी आणि त्याच्या नकला कार्यालयांत व घरांत शिरल्या तेव्हा हे गृहीतक मोडले; मात्र त्याच्या जागी दुसरी व्यवस्था उभी राहायला पंधराहून अधिक वर्षे लागली. विंडोज ९५ ची १९९६ मधील दुसरी सुधारित आवृत्ती तर फक्त नव्या यंत्रांसोबत दिली जात होती. ज्यांनी आधी प्रणाली विकत घेतली होती त्यांना ती अधिकृतपणे मिळतच नव्हती.

कार्यालयीन वापराच्या विंडोज एनटीसाठी अनेक दुरुस्त्या एकत्र बांधलेला ‘सर्व्हिस पॅक’ देण्याची पद्धत रुळली. अशा पॅकमध्ये अनेक प्रोग्राम एकत्र वापरतात अशा सामायिक फायलींची नवी आवृत्ती असे, त्यामुळे एका ठिकाणची सुधारणा दुसऱ्या ठिकाणी बिघाड म्हणून प्रकट होई. १९९९ च्या अखेरीस आलेल्या एनटी ४.० च्या सहाव्या सर्व्हिस पॅकने प्रशासकीय अधिकार नसलेल्या कर्मचाऱ्यांचे लोटस नोट्स हे टपाल सॉफ्टवेअर जोडणीअभावी अडवले आणि मायक्रोसॉफ्टला लगोलग ‘६ए’ नावाचा सुधारित पॅक काढावा लागला. अशा अनुभवांतून संगणक सांभाळणाऱ्यांमध्ये एक शहाणपण रुजले, ते असे की नवी दुरुस्ती आली की थांबावे, इतरांचे काय होते ते पाहावे आणि मगच ती बसवावी. ते शहाणपण त्या काळापुरते योग्य होते, पण पुढच्या काही वर्षांत त्याचीच मोठी किंमत मोजावी लागली.

विंडोज ९८ सोबत ‘विंडोज अपडेट’ हे संकेतस्थळ आले, तेथे जाऊन वापरकर्त्याने स्वतः दुरुस्त्या निवडायच्या होत्या. २००० सालच्या विंडोज मी आवृत्तीत त्या आपोआप उतरवण्याची सोय झाली आणि २००१ मधील एक्सपीनेही ती घेतली, तरी सोय असणे आणि ती चालू असणे यांत फार फरक होता. तो फरक २००३ च्या ऑगस्टमध्ये जगाने पाहिला.

विंडोजमधील आरपीसी ही सेवा एका संगणकावरील प्रोग्रामला दुसऱ्या संगणकावरील काम करवून घेऊ देते. तिच्यातील गंभीर दोषावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी जाहीर केला. पॅच जाहीर होणे म्हणजे दोषाचा पत्ताही जाहीर होणे, कारण जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून तुलना केली की नेमके काय बदलले हे जाणकाराला कळते. अवघ्या २६ दिवसांनी, ११ ऑगस्टला, ब्लास्टर नावाचा वर्म पसरू लागला. वर्म म्हणजे कोणी फाइल न उघडताही जाळ्यातून एका यंत्राकडून दुसऱ्याकडे स्वतःची नक्कल पाठवणारा घातक प्रोग्राम. इंटरनेटला जोडलेले आणि पॅच न बसवलेले यंत्र काही मिनिटांत बाधित होई, पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणती सुरू होई आणि यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होई. यात वापरकर्त्याची खरी कोंडी होती, कारण उपाय इंटरनेटवर होता आणि तो उतरवून पूर्ण होण्याआधी यंत्र बंद पडत होते. त्यामुळे आधी आज्ञा देऊन ती गणती थांबवायची, मग एक्सपीत असूनही सहसा बंद असलेली फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी यंत्रणा, चालू करायची आणि त्यानंतरच पॅच घ्यायचा, असा क्रम जाणकार मंडळी एकमेकांना सांगू लागली. सामान्य माणसाला समस्यानिवारणाचा असा क्रमवार धडा इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच घ्यावा लागला असावा. ब्लास्टरने विंडोज अपडेटच्या एका पत्त्यावर १६ ऑगस्टला हल्ला चढवण्याची तजवीजही ठेवली होती. मायक्रोसॉफ्टने तो पत्ताच बंद करून तो हल्ला निष्फळ ठरवला. त्याच महिन्यात वेल्चिया नावाचा दुसरा वर्म आला, जो ब्लास्टर काढून पॅच बसवण्याचा प्रयत्न करीत असे, मात्र स्वतःच्या प्रसाराने जाळी तुंबवून त्याने नवेच नुकसान केले.

या धक्क्यानंतर दोन निर्णय झाले आणि ते आजही टिकून आहेत. ऑक्टोबर २००३ पासून दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देण्याचे ठरले, जेणेकरून संस्थांना चाचणी आणि मनुष्यबळ यांचे नियोजन करता यावे. त्यानंतर ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने फायरवॉल सुरुवातीपासूनच चालू ठेवली आणि आपोआप अपडेट घेण्याचा आग्रह वापरकर्त्यासमोर ठळकपणे मांडला. मधल्या काळात एप्रिल २००४ मध्ये सॅसर हा वर्म पॅचनंतर जेमतेम अडीच आठवड्यांत आला होता, त्यामुळे थांबून पाहण्याच्या जुन्या शहाणपणाला आता वेळच उरला नव्हता.

भारतात या व्यवस्थेला निराळे अडथळे होते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह महानगरांत सार्वजनिक इंटरनेट सुरू केले होते, पण २००४ मध्येही अनेक घरांत जोडणी टेलिफोनच्या तारेवरूनच होती. दुसऱ्या सर्व्हिस पॅकची पूर्ण फाइल सुमारे २६६ एमबींची होती, म्हणजे ५६ केबीपीएसच्या मोडेमचा कमाल वेग सलग मिळाला तरी ती उतरवायला साडेदहा तास लागले असते, आणि तो वेग सलग कधीच मिळत नसे. त्यामुळे सर्व्हिस पॅक मिळवण्याचे व्यवहार्य साधन म्हणजे संगणकविषयक मासिकांसोबत येणारी किंवा ओळखीतून फिरणारी सीडी हेच होते. दुसरा अडथळा विनापरवाना प्रतींचा. २००५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोजची प्रत अस्सल आहे की नाही हे तपासायला सुरुवात केली. सुरक्षेच्या महत्त्वाच्या दुरुस्त्या विनापरवाना प्रतींनाही आपोआप मिळत होत्या, पण तपासणीच्या भीतीने असंख्य दुकानदार आणि सायबर कॅफेचालक अपडेट सरसकट बंद करून ठेवत. यंत्र बिघडले की ‘फॉरमॅट मारून’ विंडोज नव्याने टाकायची, ही जी पद्धत महाराष्ट्रातील गावोगावच्या संगणक-दुरुस्तीत रूढ झाली, तिचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे. त्या पद्धतीने यंत्र तासाभरात सुरू होई, पण त्यावर एकही दुरुस्ती नसे.

अपडेट का अडकते, याचे उत्तर विंडोजच्या रचनेत आहे. चालू असलेल्या प्रोग्रामची फाइल विंडोज बदलू देत नाही, म्हणून बदलायच्या फायलींची नोंद करून ठेवली जाते आणि ती अदलाबदल यंत्र पुन्हा सुरू होताना केली जाते. युनिक्सवंशीय प्रणालींत उघडी फाइल बाजूला सारून नवी ठेवता येत असल्याने तेथे रीस्टार्टची गरज तुलनेने कमी पडते. या अदलाबदलीच्या मधोमध वीज गेली किंवा डिस्कवर जागा नसली तर प्रणाली अर्धवट अवस्थेत राहते. म्हणूनच विंडोज ९५ मधील ‘सेफ मोड’, म्हणजे अत्यावश्यक भागांनिशीच यंत्र सुरू करण्याची रीत, विंडोज मीमधील ‘सिस्टीम रिस्टोअर’, म्हणजे आधी जपलेल्या स्थितीकडे परतण्याची सोय, आणि प्रणालीच्या फायली मूळ प्रतींशी ताडून पाहणारी साधने ही अपडेटच्याच इतिहासाची अंगे मानली पाहिजेत. कधी दोष खुद्द अपडेट यंत्रणेत असे. २०१३ च्या अखेरीस एक्सपीची यंत्रे अपडेट शोधताना तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबत राहत. प्रत्येक नवी दुरुस्ती जुन्या दुरुस्तीची जागा घेत असल्याने तयार झालेल्या लांब साखळ्या तपासण्याची पद्धत सदोष होती आणि साखळीत कडी वाढली की लागणारा वेळ प्रचंड वाढे. २०१४ च्या आरंभी तो दोष दूर झाला, तेव्हा एक्सपीचा आधार, म्हणजे कंपनीकडून दुरुस्त्या मिळणे, संपायला तीन-चार महिने उरले होते.

अपडेट नेहमी संकट टाळण्यासाठीच असते असेही नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. जुलै २०१० मध्ये भारत सरकारने रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले आणि विंडोज ७ व व्हिस्टासाठी ते चिन्ह २०११ मध्ये एका छोट्या अपडेटने आले. ज्यांनी ते घेतले नाही त्यांच्या पडद्यावर चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन दिसत राहिला.

२९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० ने घरगुती वापरकर्त्याचा नकाराधिकार जवळपास काढून घेतला. दुरुस्त्या वेगवेगळ्या न देता मागच्या सर्वांना सामावणारा एकच मासिक संच दिला जाऊ लागला आणि तो फार तर पुढे ढकलता येई. सुरक्षेच्या दृष्टीने हे पाऊल समर्थनीय होते, मात्र सक्ती करणाऱ्यावर चाचणीची जबाबदारी दुप्पट येते आणि ती नेहमी पाळली गेली नाही. २ ऑक्टोबर २०१८ ला प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अपडेटने काही वापरकर्त्यांच्या वैयक्तिक फायली पुसून टाकल्या. ज्यांनी आपले दस्तऐवजांचे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी हलवले होते, पण जुन्या ठिकाणीही काही फायली ठेवल्या होत्या, त्यांचे जुने फोल्डर निरुपयोगी समजून काढले गेले. काही दिवसांतच वितरण थांबवले गेले आणि १३ नोव्हेंबरला ते पुन्हा सुरू झाले. कंपनीच्या मते तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक एवढेच होते, परंतु चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांनी या दोषाची सूचना आधीच दिलेली होती, आणि ती नजरेतून सुटणे ही या प्रसंगातील सर्वांत गंभीर बाब होय.

त्याआधी २०१७ साली अपडेट न घेण्याचे आणि घेण्याचे असे दोन्ही बाजूंचे धोके पाठोपाठ दिसले. १२ मे रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या वर्मवरील पॅच १४ मार्चलाच आला होता. बाधित यंत्रांपैकी बहुतेक विंडोज ७ ची होती, म्हणजे त्यांना तो मिळू शकत असूनही बसवलेला नव्हता. २७ जूनला नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम आला तो मात्र युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच, म्हणजे ज्यांनी अपडेट वेळेवर घेतले तेच प्रथम बळी पडले, आणि जाळ्यात शिरल्यावर तो चोरलेल्या पासवर्डच्या आधारे पॅच बसवलेल्या यंत्रांवरही पसरला. मर्स्क या जहाज कंपनीला दहा दिवसांत ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील याच समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

दुरुस्ती आणि यंत्र यांमधील अंतर पूर्ण मिटले की काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी कळले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ला निघाली आणि ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तरी तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. मुंबईसह अनेक विमानतळांवरील सेवा कोलमडली, देशात काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यंत्र सुरूच होत नसल्याने दूरवरून बहुधा काही करता येत नव्हते. एकेका संगणकापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये तो सुरू करून, ती एक फाइल काढावी लागली. ज्या कंपनीने ही फाइल सर्वांना एकाच वेळी पाठवली, तिने नंतर अशा फायली टप्प्याटप्प्याने देण्याचे आणि ग्राहकाला वेळ ठरवू देण्याचे मान्य केले. एनटीच्या काळातील कर्मचारी जे थांबणे स्वतः पाळत होता, ते आता वितरणाच्या रचनेतच घालावे लागत आहे, आणि ते तेथेच असायला हवे होते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागत असल्याने अनेक चालू यंत्रे तिच्या कक्षेबाहेर राहतात. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव मुदत जाहीर झाली, पण तिच्यासाठी वापरकर्त्याला स्वतः नोंदणी करावी लागते. ती न केलेल्या यंत्रावर दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी उघड होणारे दोष तसेच राहतात.