डॉ. क्लारा डेव्हिस यांची तान्ह्यांची पंगत

‘बाळाला स्वतःच्या हातानं खाऊ द्या’ असं इथले डॉक्टर म्हणाले, की भारतातून आलेल्या आजीच्या कपाळाला आठी पडते. उष्टावण झालं की मऊ भात भरवायचा, चिऊ-काऊचे घास करायचे, ही आपली रीत. पण हे खूळ काही आजचं नाही बरं का!

१९२६ साली अमेरिकेतल्या डॉ. क्लारा डेव्हिस यांनी नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांपुढे साधे पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत मांडायला सुरुवात केली. पुढे अशी १५ मुलं झाली. नर्स चमचा घेऊन गप्प बसे. बाळानं हात पुढे केल्याशिवाय घास नाही, आग्रह तर नाहीच. (आपल्याला जमेल?) बाळं हातानंही खात, सांडत. मुडदूस झालेला एक मुलगा कॉड माशाचं तेल आपणहून प्यायला आणि बरा झाल्यावर त्यानं ते सोडलं. सगळी मुलं धष्टपुष्ट झाली.

मग बाळाला सगळं कळतं? १९३९ मध्ये डेव्हिसबाईंनीच सांगितलं, खरी गोम पदार्थांच्या यादीत होती. ३४ पदार्थांत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं. तसलं खाणं ठेवून पाहायचंही त्यांच्या मनात होतं; पण महामंदी आली आणि तो प्रयोग राहूनच गेला.