हेमाडपंती : एका नावाआड गेलेली देवळे

महाराष्ट्रात काळ्या दगडाचे, जुने, चुना न वापरता रचलेले कोणतेही देऊळ दिसले की ते 'हेमाडपंती' ठरते. गावातले पुजारी तसे सांगतात, रस्त्यावरची पाटी तसे सांगते, पर्यटनाच्या पुस्तिकाही तेच सांगतात. आणि पदव्युत्तर वर्गात यादवकाळ शिकवताना आम्हीही हा शब्द सहज उच्चारतो. गेली काही वर्षे सुट्ट्यांमध्ये आम्ही काही सहकारी मराठीच्या विद्यार्थ्यांना घेऊन ही देवळे पाहत हिंडत आहोत. या हिंडण्यातून जो प्रश्न पुढे आला, तो स्थापत्याचा आहे तितकाच वाङ्मयेतिहासाचाही आहे. 'हेमाडपंती' हा शब्द आपल्याला देवळाविषयी काही सांगतो, की देवळाविषयी विचारायचे प्रश्न बंद करतो?

प्रथम हेमाद्रीविषयी. देवगिरीचे महादेव (राज्यकाल १२६१ ते १२७१) आणि रामचंद्र या दोन यादव राजांचा तो करणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखन-दप्तराचा प्रमुख. 'चतुर्वर्गचिंतामणि' हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे. 'अष्टांगहृदया'वर त्याची 'आयुर्वेदरसायन' ही टीका आहे. व्याकरणकार बोपदेव त्याच्या आश्रयाला होता. अशा माणसाने देवळे बांधवली असतील, यात अशक्य काही नाही. पण त्याच्या अधिकाराचा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे, ही एवढी एकच गोष्ट मनाशी बाळगून प्रवासाला निघावे. पुढचे काम दगडच करतात.

अंबरनाथपासून सुरुवात करावी. मुंबईपासून लोकल गाडीच्या अंतरावर, वालधुनी नदीच्या काठी असलेल्या या शिवालयात उत्तरेकडील दाराच्या आतल्या बाजूच्या तुळईवर एक लेख कोरलेला आहे. त्यात शके ९८२ (इ. स. १०६०) हे वर्ष आहे, आणि उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणिराजाच्या कारकिर्दीचा उल्लेख आहे. त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या नावाशी हे देऊळ जोडलेले आहे. थोरल्याने आरंभ केला आणि धाकट्याच्या काळात काम पुरे झाले, असे अभ्यासक मानतात. म्हणजे हेमाद्री करणाधिप होण्यापूर्वी दोनशे वर्षे हे देऊळ उभे होते, तेही यादवांच्या नव्हे तर शिलाहारांच्या राज्यात. तरीही ते 'हेमाडपंती' म्हणून ओळखले जाते. मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले की वर आकाश दिसते, कारण शिखराचा वरचा भाग आज नाही. लोककथा सांगते की पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधायला घेतले आणि उजाडल्यामुळे छप्पर राहून गेले. लेखातला राजा लोकांच्या आठवणीतून पुसला गेला, आणि त्याच्या जागी एकीकडे पांडव आले, दुसरीकडे हेमाडपंत.

अंबरनाथहून कसारा घाट चढून सिन्नरला यावे. यादवांच्या आरंभीच्या राजधानीचे हे गाव. येथले गोंदेश्वराचे देऊळ पंचायतन आहे : मध्ये शिव, आणि एकाच उंच चौथऱ्यावर चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य व विष्णू यांची लहान देवळे. अभ्यासक ते बाराव्या शतकाच्या सुमारास ठेवतात. विद्यार्थ्यांना येथे शिखराकडे नीट पाहायला सांगावे. शिखराच्या चारही बाजूंनी पायापासून माथ्यापर्यंत एकेक उभा पट्टा गेलेला दिसतो, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या ओळी वरवर लहान होत जातात. या रचनेला शिल्पशास्त्रात 'भूमिज' म्हणतात. अंबरनाथचे शिखर याच घडणीचे होते, आणि माळव्यात परमार राजा उदयादित्याने अकराव्या शतकात बांधवलेले उदयपूरचे उदयेश्वर मंदिरही याच घडणीचे आहे. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात भूमिज प्रासादांचे स्वतंत्र विवेचन आहे. म्हणजे नर्मदेच्या दोन्ही तीरांवर, परस्परांशी लढणाऱ्या राजांच्या राज्यांत, कारागीर एकच भाषा बोलत होते. 'हेमाडपंती' म्हणताच हा सारा संबंध तुटतो; देऊळ एका राज्याचे, एका मंत्र्याचे होऊन बसते.

राहिला चुन्याचा प्रश्न. दगडावर दगड नेमका बसवून, खाचा-खुंट्यांनी सांधून, केवळ भारावर इमारत तोलायची ही पद्धत हेमाडपंती मंदिरांची खूण म्हणून सांगितली जाते. पण ही पद्धत भारतभरच्या शेकडो वर्षे आधीच्या दगडी देवळांतही दिसते. तिच्यावरून देवळाचा काळ ठरत नाही आणि कर्ताही ठरत नाही. हेन्री कझिन्स यांनी १९३१ साली दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, पुढे गो. बं. देगलूरकरांसारख्या संशोधकांनी मराठवाड्यातील आणि महाराष्ट्रातील मंदिरांचा बारकाईने अभ्यास केला. हे काम उपलब्ध असूनही शब्द मात्र आपल्या जागेवरून हललेला नाही.

अंबेजोगाई हे गाव मराठीच्या विद्यार्थ्यांना मुकुंदराजांमुळे आणि दासोपंतांमुळे ठाऊक असते. 'विवेकसिंधु' आणि 'पासोडी' यांच्या पलीकडे या गावात आणखी एक गोष्ट वाचण्यासारखी आहे. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर हा येथला. त्याच्या संबंधीचे संस्कृत शिलालेख येथे मिळाले आहेत. त्यांतला शके ११६२ (इ. स. १२४०) मधला लेख सांगतो की खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत नर्मदेच्या तीरावर लढताना मारला गेला, आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे देऊळ बांधले. तेराव्या शतकातील एका स्त्रीने आपल्या मृत भावासाठी देऊळ उभारले, त्या देवाच्या नावात भावाचे नाव गुंफले आणि हे सारे दगडावर कोरवून ठेवले. त्या वेळी हेमाद्रीची कारकीर्द सुरू व्हायला वीसेक वर्षे अवकाश होता. आपण या गावच्या साऱ्या जुन्या बांधकामाला सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो, तेव्हा लक्ष्मीचे देऊळ आपण तिच्याकडून काढून घेतो आणि दुसऱ्याच्या नावावर चढवतो. हा तपशिलातला किरकोळ फरक आहे, असे आम्हांस वाटत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया अपरिचित नसावी. नामदेवांच्या गाथेत पुढच्या काळातील विष्णुदास नाम्याची रचना मिसळली गेली, आणि ती वेगळी काढण्यासाठी अभ्यासकांना भाषा, नाममुद्रा, हस्तलिखिते अशा सर्व बाजूंनी कसून काम करावे लागले. मोठे नाव लहान नावांना आपल्यात ओढून घेते. परंपरेच्या दृष्टीने त्यात फसवणूक नसते. उलट त्या नावावर श्रद्धा असते म्हणूनच असे होते. हेमाडपंत ही अशीच दगडावर पडलेली नाममुद्रा आहे. लोकपरंपरेने त्याच्या नावावर केवळ देवळेच चढवली नाहीत, मोडी लिपीही चढवली. ती त्याने लंकेहून आणली, असे कथा सांगते. कथेला कथा म्हणून मोल आहेच. अनेक शतकांनंतर समाजाला एका विद्वान मंत्र्याचे नाव आठवत राहावे, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु गाथेची चिकित्सक आवृत्ती हवी, असा आग्रह धरणाऱ्या आपल्या विद्याशाखेने देवळांच्या बाबतीत मात्र पहिल्या ऐकीव पाठावर समाधान मानावे, हे विसंगत आहे.

यात एक उपरोधही आहे. दृढप्रहारापासून चालत आलेली यादवांची वंशावळ आपल्याला कळते, तिचा एक मोठा आधार म्हणजे हेमाद्रीच्याच 'व्रतखंडा'तील राजप्रशस्ती. ज्याने आपल्या धन्याच्या पूर्वजांची नावे जपून ठेवली, त्याच्याच नावाखाली आज इतर बांधकामकर्त्यांची नावे गाडली गेली आहेत.

खुद्द हेमाद्री आपल्याला समकालीन दगडावर भेटतो तो पंढरपुरास. विठ्ठल मंदिरातील 'चौऱ्यांशीचा शिलालेख' शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) या काळातला. देवळासाठी दिलेल्या दानांची ती यादी आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या संग्रहामुळे तो आपल्या अभ्यासक्रमात आला. त्यात राजा रामचंद्र आहे, हेमाडि पंडित आहे, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी सामान्य दात्यांची नावे आहेत. त्या यादीत हेमाद्री अनेकांपैकी एक आहे. आम्हांस तो तेथे अधिक खरा वाटतो. या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा होती. त्या घासण्याने अक्षरे झिजली. भक्तीने जपलेला दगड भक्तीनेच पुसट व्हावा, या घटनेकडे दोषारोप न करता पाहायला विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे.

नेवाशाचा 'पैस' खांब याच्या उलट कथा सांगतो. त्या खांबावर करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा लेख आहे. मूळ देऊळ राहिले नाही, खांब राहिला. कारण त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी 'ज्ञानेश्वरी' सांगितली, अशी परंपरा आहे. दुर्गा भागवतांनी आपल्या ललितलेखसंग्रहाला (१९७०) याच खांबाचे नाव दिले. येथे ग्रंथाने दगड वाचवला.

देवळे केवळ बांधणाऱ्यांची नसतात, वावरणाऱ्यांचीही असतात. त्यांच्या वापराचा सर्वांत जिवंत पुरावा आपल्याच वाङ्मयात आहे, आणि तो देवतापूजा न मानणाऱ्या पंथाने ठेवलेला आहे, हे विशेष. 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींचा मुक्काम वारंवार देवळांत, मठांत असतो. राऊळ, मढ, पटिशाळा, ओटा हे शब्द तेथे पाऊल ठेवण्याच्या जागा म्हणून येतात. पुढे 'स्थानपोथी'ने तर गावोगावच्या या जागांची दिशांसकट नोंद केली : देवळाचे दार कोणीकडे, मठ कोणत्या बाजूस, स्वामी बसले ते ठिकाण कोठे. महानुभाव परंपरेत हेमाद्रीची प्रतिमा विरोधकाची आहे. तेव्हा त्याची थोरवी वाढवण्याचे या पोथीला कारण नव्हते. 'स्थानपोथी' हाती घेऊन गोदाकाठची चार गावे फिरलेला विद्यार्थी 'यादवकालीन समाजजीवन' या प्रश्नाचे उत्तर पाठ करून लिहिणार नाही, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

आता हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देवळांच्या आजच्या अवस्थेत आहे. अनेक गावांत जीर्णोद्धार म्हणजे मूर्तीवर आणि खांबांवर तैलरंग, जमिनीवर चकचकीत फरशी, आणि जुन्या शिखराच्या जागी सिमेंटचे नवे शिखर, असा अर्थ झाला आहे. गावकऱ्यांचे देवावर प्रेम असते म्हणूनच ते पदरचे पैसे घालून हे करतात. पण रंगाच्या थराखाली एखादा लेख गेला तर तो पुन्हा वाचता येईलच असे नाही. देऊळ 'हेमाडपंती' आहे एवढेच ज्याला ठाऊक आहे, त्याच्या दृष्टीने एक खांब दुसऱ्यासारखाच असतो. त्यातला एक गेल्याने काही बिघडत नाही. या खांबावर कुणा लक्ष्मीचे नाव असू शकते, हे ज्याला ठाऊक आहे, तो रंगाचा डबा उघडण्यापूर्वी थांबेल.

म्हणून मराठीच्या अध्यापकांना आमची सूचना साधी आहे. विद्यार्थ्यांना देवळात नेल्यावर शैलीचे नाव सांगण्याची घाई करू नये. लेख आहे का, असल्यास कोणत्या भाषेत व कोणत्या शकातला; शिखर कोणत्या घडणीचे; दान कोणी व कशासाठी दिले; जुन्या मराठी ग्रंथांत या गावाचा उल्लेख कोठे येतो, हे चार प्रश्न वहीत लिहून घ्यावेत. चारही प्रश्नांची उत्तरे क्वचितच मिळतात. उत्तर न मिळाल्यास ती जागा कोरी ठेवावी, 'हेमाडपंती' लिहून भरू नये. त्या कोऱ्या जागेत पुढे कोणाचे तरी नाव सापडण्याची शक्यता शिल्लक राहते.