स्पॅनिश शब्दकोशांची वाटचाल

आंतोनियो दे नेब्रिहा याने 1492 मध्ये सालामांका येथे कास्तिलियन भाषेचे व्याकरण छापले आणि ते राणी इसाबेलाला अर्पण केले. व्याकरण फक्त लॅटिनला असते असे मानणाऱ्या काळात हे धाडसच होते. त्याच सुमारास त्याचा लॅटिन-स्पॅनिश कोशही निघाला.

स्पॅनिश शब्दांचा अर्थ स्पॅनिशमध्येच देणारा पहिला मोठा कोश मात्र 1611 चा. त्याचा कर्ता सेबास्तियान दे कोव्हार्रुबियास हा कुएंकाच्या कॅथीड्रलमधला धर्माधिकारी. वर्षभरापूर्वीच त्याने नीतिपर प्रतीकचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि ती दृष्टी कोशातही उतरली. प्राण्याचे नाव आले की त्याच्या दंतकथा, तो कोणत्या गुणाचे प्रतीक, पुराणात त्याचे काय स्थान, हे सारे तो सांगत सुटतो. हत्तीवरची नोंद तर पाल्हाळासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या अनेक व्युत्पत्ती आज टिकत नाहीत. पण स्पॅनिश साहित्याच्या सुवर्णयुगातल्या कवितेतील प्रतिमा उलगडताना अभ्यासक आजही हाच कोश उघडतात.

1713 मध्ये माद्रिदला स्थापन झालेल्या शाही स्पॅनिश अकादमीने 1726 ते 1739 या काळात आपल्या कोशाचे सहा खंड काढले. प्रत्येक अर्थाला मान्यवर लेखकांच्या उताऱ्यांचा आधार होता. 1780 च्या एकखंडी आवृत्तीत ते उतारे गळले.

ग्रंथपाल मारिया मोलिनेर यांनी घरी बसून रचलेला, प्रत्यक्ष वापरावर भर देणारा कोश 1966-67 मध्ये आला. 1972 मध्ये अकादमीने त्यांना सदस्यत्व नाकारले. पहिली स्त्री, कवयित्री कार्मेन कोंदे, 1978 मध्ये निवडली गेली.