नंबर प्लीज : स्वयंचलित टेलिफोन आणि नोकरींतील ज्येष्ठता

टेलिफोन कानाला लावावा, पलीकडून एका स्त्रीचा आवाज यावा, आणि तिनें ‘नंबर प्लीज’ एवढे दोनच शब्द उच्चारून उत्तराची वाट पाहावी, हा अनुभव एके काळीं शहरांतील प्रत्येक टेलिफोनधारकाच्या अंगवळणीं पडलेला होता. त्या आवाजाला चेहरा नव्हता, नांव नव्हतें. पण तो आवाज म्हणजे एक नोकरी होती, आणि त्या नोकरीला पायऱ्या होत्या. नव्या मुलीची जागा कोणती, दहा वर्षें काढलेल्या बाईची कोणती, दिवसाची पाळी कोणाला आणि रात्रीची कोणाला, हें सारें ठरलेलें असे. पुढें यंत्र आलें आणि आवाज गेला, एवढें सर्वांना ठाऊक आहे. त्या पायऱ्यांचें काय झालें हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. तें समजून घ्यावयाचें तर अमेरिकेकडे पाहिलें पाहिजे. कारण हा प्रकार तेथें फार मोठ्या प्रमाणावर आणि अत्यंत पद्धतशीरपणें घडला.

अमेरिकेंत आरंभीं हें काम अर्धवट वयाच्या मुलग्यांकडे होतें. तारकचेऱ्यांतील वहिवाट तशीच होती. पण हे मुलगे गिऱ्हाइकांशीं उर्मटपणें बोलत आणि आपसांत धांगडधिंगा घालीत. तेव्हां १ सप्टेंबर १८७८ रोजीं बोस्टन येथें एमा नट नांवाच्या तरुणीची नेमणूक झाली. ती ह्या धंद्यांतील पहिली स्त्री. तिनें सुमारें तेहतीस वर्षें नोकरी केली. परंतु तिच्या मागून आलेल्या बहुसंख्य मुली शाळा संपवून येत आणि कांहीं वर्षांत लग्न होऊन जात. कंपनीला तें सोयीचेंच होतें. पगार वाढण्याच्या आंत मुलगी निघून जाई. १९२० च्या सुमारास त्या देशांत नोकरी करणाऱ्या स्त्रियांपैकीं शेंकडा दोन ह्या एकाच कामावर होत्या, आणि त्यांतील फार मोठा भाग लोकांच्या तोंडीं ‘बेल’ ह्या नांवानें असलेल्या एकाच कंपनीच्या पदरीं होता.

काम वरवर पाहतां सोपें होतें. लांबच लांब स्विचबोर्डापुढें उंच खुर्च्यांची रांग; समोर शेंकडों भोकें, दिवे आणि दोऱ्या. दिवा लागला कीं दोरीचें एक टोंक त्या भोकांत खुपसावयाचें, नंबर विचारावयाचा आणि दुसरें टोंक मागितलेल्या नंबरांत घालावयाचें. मोठ्या शहरांत एका एक्सचेंजमधील मुलगी दुसऱ्या एक्सचेंजमधील मुलीला नंबर सांगे आणि मग जोडणी होई. पाठीमागून सुपरवायझर फेऱ्या घालीत असे. बोलावयाचे शब्द ठरलेले, हंसावयाची बंदी.

ह्या शिस्तींत माणसाला जें कांहीं थोडेंबहुत सुख लाभे तें ज्येष्ठतेमुळें. टेलिफोनचा ओघ दिवसभर सारखा नसतो. सकाळीं बाजार उघडल्यावर तो चढतो, दुपारीं ओसरतो, संध्याकाळीं पुन्हां चढतो. म्हणून कंपनीनें तुकड्यांची पाळी काढली होती. मुलीनें सकाळीं कांहीं तास काम करावें, मध्यें बिनपगारी रिकामें राहावें आणि सायंकाळीं पुन्हां येऊन बसावें. घर दूर असेल तर मधला वेळ ना घरचा ना दारचा. ही पाळी नवशिक्या मुलींच्या वांट्याला येई. वर्षें भरत गेलीं कीं सलग दिवसाची पाळी मिळे, रविवार मोकळा मिळे, पगाराची पायरी चढे, आणि नशीब असेल तर आठदहा मुलींवर देखरेख करणारी सुपरवायझरची जागा लाभे. ज्येष्ठता ही त्या बाईची एकमेव मिळकत होती असें म्हटलें तरी चालेल. ती विकतां येत नसे, दुसऱ्या गांवीं नेतां येत नसे, आणि लग्नानें तर ती एका दिवसांत बुडे. पण होती तोंवर ती खरी होती.

ह्या बायका मुकाट्यानें सोसणाऱ्या होत्या असा समज करून घेणें चूक ठरेल. १५ एप्रिल १९१९ रोजीं बोस्टनच्या टेलिफोन मुलींनीं ज्यूलिया ओकॉनर हिच्या पुढारीपणाखालीं संप पुकारला. टेलिफोन त्या वेळीं महायुद्धामुळें सरकारच्या ताब्यांत होते, आणि पोस्टमास्टर जनरलसाहेब कोणाचें ऐकावयास तयार नव्हते. न्यू इंग्लंडमधील सारा व्यवहार अडला. सहा दिवसांत सरकार नमलें आणि पगार वाढले. हात उचलला तर शहर मुकें होतें, ही शक्ति त्या मुलींना त्या आठवड्यांत कळली.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत व्हर्जिनिया संस्थानांतील नॉर्फोक शहरीं बेल कंपनीनें आपलें पहिलें मोठें स्वयंचलित एक्सचेंज सुरू केलें. एका संपामुळें हें घडलें असें म्हणतां यावयाचें नाहीं, कारण यंत्राची कल्पना तीस वर्षांची जुनी होती. कॅन्सस सिटी येथें आल्मन स्ट्राउजर नांवाचा एक गृहस्थ प्रेतसंस्काराचा धंदा करी. आपल्याला येणारे टेलिफोन एक्सचेंजमधील बाई प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा त्याला संशय आला, आणि बाईच नको म्हणून त्यानें यंत्र योजिलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, १८९१ सालीं त्याला पेटंट मिळालें व १८९२ सालीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट गांवीं त्याच्या यंत्रावर पहिलें सार्वजनिक एक्सचेंज उघडलें. बेल कंपनीनें मात्र पुष्कळ वर्षें तिकडे पाठ फिरविली. हातानें जोडलेला टेलिफोन हीच उत्तम सेवा, असें तिचें मत होतें. पण शहरें वाढलीं, एका जोडणीला दोन दोन मुली लागूं लागल्या, युद्धानंतर मजुरी चढली, आणि मत बदललें.

बदलाची घटका बहुधा शनिवारच्या मध्यरात्रीं असे, कारण त्या वेळीं टेलिफोन कमी. घरोघरीं तबकडीचे टेलिफोन आधींच बसवून झालेले असत. इशारा मिळतांच कामगार जुन्या तारा तोडीत, नव्या यंत्रांतील अडसर काढीत, आणि कांहीं मिनिटांत मुलींसमोरचे दिवे कायमचे विझून जात. शेजारच्या दालनांत यंत्राची खटखट सुरू झालेली ऐकूं येई.

आणि तरीही कंपनी मोठ्या अभिमानानें सांगे कीं आम्ही फारशा कोणाला काढीत नाहीं. ह्यांत तथ्य होतें. दोन-तीन वर्षें आधींपासून हिशेब मांडलेला असे. कायम जागा भरणें बंद होई. लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या जागीं तात्पुरती मुलगी घेत, आणि यंत्र सुरू झालें कीं अशा तात्पुरत्यांना निरोप मिळे. कायम नोकरांना दुसऱ्या एक्सचेंजमध्यें किंवा लांब पल्ल्याच्या बोर्डावर पाठवीत. अमेरिकन सरकारच्या स्त्री-कामगार खात्यानें ह्या विषयावर १९३३ सालीं एक स्वतंत्र अहवालच प्रसिद्ध केला. पहिल्या नजरेला व्यवस्था न्याय्य दिसते : जी शेवटीं आली ती आधीं गेली, जुनी राहिली.

परंतु ज्येष्ठतेची सारी किंमत खालच्या भरतीवर अवलंबून असते. दरवर्षीं नव्या मुली येत, म्हणून पांच वर्षांच्या मुलीची तुकड्यांची पाळी सुटे. भरती थांबली कीं रांग जागच्या जागीं गोठते. पांच वर्षांची मुलगी दहा वर्षांची होते, पण तिच्या मागें कोणी नसल्यामुळें संध्याकाळची पाळी तिलाच करावी लागते. मुली कमी, म्हणून सुपरवायझर कमी. वरची पायरीही नाहींशी होते. नोकरी टिकली, पण नोकरी करण्याचें जें फळ होतें तें उरलें नाहीं. कंपनीच्या कोष्टकांत ह्या हानीला रकाना नव्हता.

ह्या काळांतील एक विनोदी प्रसंग नमूद करण्यासारखा आहे. १९३० सालीं वॉशिंग्टनच्या सीनेटमध्यें तबकडीचे टेलिफोन बसविले, तेव्हां व्हर्जिनियाचे सीनेटर कार्टर ग्लास संतापले. आपल्याला बिनपगारी टेलिफोन ऑपरेटर बनविण्यांत आलें आहे, अशी त्यांची तक्रार होती, आणि ते टेलिफोन काढून टाकण्याचा ठराव त्यांनीं मांडला. अखेर ज्याला जो हवा तो टेलिफोन घ्यावा अशी तडजोड झाली. पण सीनेटरमहाशयांचें वाक्य हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. काम नाहींसें झालें नव्हतें. त्याचा कांहीं भाग गिऱ्हाइकाच्या बोटांवर आला होता.

काढून टाकलेल्या आणि दारांतूनच परतलेल्या मुलींचें पुढें काय झालें, ह्याचें उत्तर फार उशिरां मिळालें. जेम्स फायगेनबॉम व डॅनिएल ग्रॉस ह्या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं जुन्या खानेसुमारीचीं पत्रकें जुळवून १९२० ते १९४० ह्या काळाचा शोध घेतला. तो २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांस असें आढळलें कीं, एक्सचेंज स्वयंचलित झालेल्या शहरांतून पुढच्या पिढीच्या तरुण मुलींना एकंदरींत नोकऱ्या कमी पडल्या नाहींत. त्या टंकलेखन, चिटणिशी किंवा उपाहारगृहें ह्यांकडे वळल्या. ज्या आधींच ऑपरेटर होत्या त्यांची गोष्ट निराळी. दहा वर्षांनंतर त्यांच्यांतील नोकरींत असलेल्यांचें प्रमाण तुलनेनें कमी भरलें, आणि ज्या नोकरींत होत्या त्या पुष्कळदां हलक्या पगारावर. बोर्डावर मिळविलेलें कसब आणि ज्येष्ठता बोर्डाबाहेर कोणी मोजीत नव्हतें. सतरा वर्षांच्या मुलीला नवा रस्ता धरणें सोपें. पस्तिशींतल्या बाईनें तो कोठून धरावा?

दुसरी हानि १९४७ च्या एप्रिलांत उघड झाली. त्या महिन्यांत सुमारें साडेतीन लाख टेलिफोन कामगारांनीं देशभर संप केला. त्यांत बहुसंख्या स्त्रियांचीच. लांब पल्ल्याचे टेलिफोन अडले, पण ज्या शहरांत तबकडी आली होती तेथें गांवांतल्या गांवांत बोलणें खुशाल चालू राहिलें. १९१९ सालीं बोस्टन ज्या शक्तीनें नमलें, ती आतां भिंतीआडच्या यंत्रांत गेली होती.

पुढें ह्या कथेला आणखी एक पीळ पडला. निग्रो स्त्रियांना ह्या बोर्डापाशीं अनेक दशकें फिरकूं दिलें नव्हतें. न्यूयॉर्कमध्यें त्यांना १९४० नंतरच प्रवेश मिळूं लागला, आणि १९६० नंतर मोठ्या शहरांत त्यांची भरती जोरानें झाली. म्हणजे नेमकी ज्या वेळीं ही नोकरीच आटूं लागली त्या वेळीं. इतिहासकार व्हीनस ग्रीन ह्यांनीं २००१ च्या आपल्या ग्रंथांत हें सविस्तर दाखविलें आहे. शेवटीं येणाऱ्यानें आधीं जावें हा नियम गोऱ्या कामगारांनीं झगडून मिळविला होता आणि तो स्वतःशीं न्याय्यही होता. परंतु ज्यांना दरवाजाच उशिरां उघडला, त्यांच्यावर तो उलटला. जानेवारी १९७३ मध्यें सरकार व कंपनी ह्यांच्यांत करार होऊन स्त्रिया व निग्रो नोकर ह्यांना वर चढविण्यासाठीं प्रसंगीं ज्येष्ठता बाजूस सारण्याची मुभा ठेवण्यांत आली. कामगार संघटना त्याविरुद्ध न्यायालयांत गेल्या. १९७७ सालीं अपील न्यायालयानें करार उचलून धरला. दोन्ही बाजूंचें म्हणणें खरें होतें, आणि म्हणूनच तो तंटा इतका कडू झाला.

हिंदुस्थानांत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें एक्सचेंजें १८८२ च्या जानेवारींत उघडलीं, आणि पहिलें स्वयंचलित एक्सचेंज १९१३-१४ च्या सुमारास सिमल्यास बसलें. पण गांवाबाहेरचा ट्रंककॉल त्यानंतरही अनेक वर्षें ऑपरेटरच्या हातांतच होता. नंबर नोंदवून लोक तासन् तास टेलिफोनजवळ बसून राहत. कानपूर-लखनौ मार्गावर १९६० सालीं थेट तबकडी फिरविण्याची सोय झाली आणि तेथून ओहोटी लागली. येथें नोकरी सरकारी, म्हणून ज्येष्ठतेचा प्रश्न वेगळ्या रीतीनें हाताळला गेला. वर चढावयास जागा नाहींत हें ओळखून १९८३ सालीं टपाल व तार खात्यानें अशी योजना काढली कीं, सोळा वर्षें सेवा झालेल्या नोकरास जागा रिकामी असो वा नसो, वरची वेतनश्रेणी द्यावी. काम तेंच, पायरी मात्र कागदावर वरची. १९९० सालीं सव्वीस वर्षांच्या सेवेसाठीं तशीच दुसरी योजना झाली. त्या आधारावर हजारों नोकरांनीं उरलेलीं वर्षें काढलीं. पुढें हें खातें कंपन्यांत रूपांतर पावलें, आणि २०१९ सालीं भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम ह्यांनीं स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर केली. ती पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या नोकरांसाठीं होती. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्याण्णव हजारांहून अधिक लोक एकाच दिवशीं घरीं गेले. ह्या वेळीं ज्येष्ठ आधीं गेले, आणि धाकटे राहिले.