शाप, साडेसाती आणि नव्वद फूट

साडेसातीला निदान मुदत असते. साडेसात वर्षं तेल घातलं की शनिमहाराज वळकटी गुंडाळतात. बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाकडे मात्र ते पागडी भरल्यासारखे 86 वर्षं राहिले. 1918 साली या संघानं वर्ल्ड सीरिज जिंकली, आणि पुढच्याच वर्षाअखेर मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथ हा आपला हुकमी खेळाडू न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला एक लाख डॉलरला विकला. दुभती म्हैस शेजाऱ्याला विकायची आणि मग जन्मभर त्याच्या घरचा खवा बघायचा, तशातली गत! लोक म्हणू लागले, रूथचा शाप. मी शापबिप मानत नाही. पण 1946, 1967, 1975, 1986 अशी चार वेळा अंतिम मालिका गाठून चारही वेळा सातव्याच सामन्यात हरायला नुसता नालायकपणा पुरत नाही, हेही खरंच.

बॉस्टनला बिऱ्हाड केलं तेव्हा शेजारधर्म म्हणून मी या संघाच्या भजनी लागलो. 2004 च्या ऑक्टोबरात लीगच्या अंतिम मालिकेत समोर यांकीजच. चार सामने जिंकेल तो पुढे. आम्ही पहिले तीन हरलो. तिसरा तर घरच्या मैदानावर, 19–8! बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये तीन–शून्यवरून तोवर कुणीही मालिका जिंकलेली नव्हती.

17 तारखेला चौथा सामना. शेवटचा, नववा डाव, आम्ही एका धावेनं मागे, आणि चेंडू मरियानो रिव्हेराच्या हातात. हा गृहस्थ यायचा तोच सामन्याचं गाठोडं बांधायला. "झोपा आता," आमची ही म्हणाली. तेवढ्यात केव्हिन मिलारला चार वाईट चेंडूंवर पहिला बेस फुकट मिळाला, आणि त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला. लग्नात फक्त पाणी वाढायला बोलावलेल्या पुतण्यासारखा हा. काम एकच: दुसरा बेस चोरायचा. नव्वद फूट.

चोरी म्हणायची, पण ती सगळ्या गावादेखत! रिव्हेरानं तीनदा चेंडू पहिल्या बेसकडे फेकून त्याला धरायला बघितलं. तीनदा हा परत. मग फलंदाजाला पहिला चेंडू पडला मात्र, पठ्ठ्या सुटला. आट्यापाट्यांत पाटी चुकवावी तसा, केसभर आधी पोचला. पाठोपाठ बिल म्युलरचा फटका, रॉबर्ट्स घरी, 4–4.

बेसबॉलला तेव्हा घड्याळ नव्हतं आणि प्लेऑफमध्ये 'अनिर्णित' हा शब्दही नाही. बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझनं चेंडू प्रेक्षकांत भिरकावला तेव्हा रात्रीचा दीड वाजत आला होता. ती बातमी मी पुण्याला आईला फोनवर दिली. ती म्हणाली, "पोट बिघडलंय का रे? ओवा खा."

पाचवा सामना चौदा डाव चालला, 5–4. त्यातही बरोबरीची धाव घेऊन आला तो रॉबर्ट्सच. सहाव्यात कर्ट शिलिंगनं टाके घातलेल्या घोट्यावर, रक्तानं भिजलेल्या मोज्यानिशी चेंडू टाकले. सातवा न्यूयॉर्कात, त्यांच्या अंगणात, 10–3. पुढे वर्ल्ड सीरिजमध्ये सेंट लुइसला 4–0 हरवणं ही उत्तरपूजा.

रॉबर्ट्सनं यांकीजविरुद्धच्या त्या मालिकेत एकदाही बॅट धरली नाही. वर्ल्ड सीरिजमध्ये तर त्याचं पाऊलही मैदानावर पडलं नाही. डिसेंबरात त्याला सॅन डिएगोला पाठवूनही दिलं. 2018 साली तो लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॅनेजर म्हणून वर्ल्ड सीरिज खेळायला बॉस्टनला आला. आम्ही ती 4–1 जिंकली. यांकीजना हरवताना कधी वाटलं नव्हतं, पण या वेळी जरा चुटपुट लागली. अगदी जराशीच हं.